हारियाताची काच

झोपू नका रे पोरांनो. डोळे मिटायला लागले तर बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून या. चहाच्या टाकीत गरम पाणी आहे अजून. पण ह्या माणसाला आज रात्री एकटं सोडायचं नाही. सकाळी झाकण लागेपर्यंत कुणीतरी जागं पाहिजे. म्हातारी मंडळी तर सगळी घोरायला लागली, तेव्हा उरलो आपण.

नायो मघाशी माझ्या, ह्या आजोबाच्या, कानात विचारत होती, "कोरो, हा गोरा आजोबा आपला कोण लागतो?" बरोबर आहे तिचं. भिंतीवर बघावं तिकडे आपल्या माणसांचे फोटो, माझे आजे, पणजे, आणि त्यांच्या मधोमध पेटीत हा लाल नाकाचा फर्गस लोरिमर. ना नात्याचा ना गोत्याचा. रग्बीत तर कायम चुकीच्या बाजूने ओरडायचा. मग तो आपल्या मराएवर, कुळाच्या ह्या घरात, रिपेका आत्या जिथे निजली होती त्याच जागेवर का निजलाय?

सांगतो. पण घडलं ते रात्रीच्या वेळी, आणि घडलंय हं, रचलेलं नाही. ज्याला भीती वाटते त्याने दाराकडची गादी सोडून आत्ताच मधे यावं. नंतर जागा मिळणार नाही.

फर्गस विद्यापीठाच्या फोटोंच्या संग्रहालयात होता. वर दोन दालनं, पांढऱ्याशुभ्र भिंती, शाळेच्या पोरांची रांग. खाली तळघर. लोक वर यायचे, फर्गस खाली असायचा. मी तिथे काही वर्षं फोटोंच्या चौकटी करायचो, म्हणून मला ते तळघर ठाऊक. बारा महिने गार. लोखंडी कपाटं, आणि कपाटांत काचेच्या निगेटिव्ह, शहरातल्या बंद पडलेल्या स्टुडिओंमधून आलेल्या. प्रत्येक काच आपापल्या कागदी पाकिटात, ताटाळ्यात ताटं लावतात तशी उभी. लग्नाची जोडपी, नव्या बुटांतली बाळं, लढाईवर निघालेली पोरं. हजारोंनी. त्यांतल्या निम्म्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. बरं, नाव माहीत नसलेल्या माणसाला हाक तरी कशी मारणार?

हा मात्र मारायचा. सकाळी जिना उतरला की म्हणायचा, "उठलात का मंडळी?" एकदा मी ऐकलं. म्हटलं, "फर्गस, कुणाशी बोलतोस?"

"कपाटांशी."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. तो म्हणाला, उत्तर येईपर्यंत काळजी नाही."

असा माणूस. बायको होती, ऊना नावाची, ती वारली. मूलबाळ नाही. संध्याकाळी घरी जायचा, एका माणसाचा रस्सा करायचा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी डब्यात आणायचा. ऊना गेल्यानंतर त्याच्या गाडीत त्याच्या शेजारी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. ती सीट रिकामी. टोपीसुद्धा तो मागच्या सीटवर टाकायचा.

तर एके दिवशी त्या तळघरात मी एक काच उजेडापुढे धरली. एक बाई, खुर्चीवर एकटीच बसलेली. आता काचेत सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. म्हणून पंचविशीतली बाई पिकल्या केसांची म्हातारी दिसत होती. पाकिटावर लिहिलेलं, 'अनोळखी स्त्री.' गळ्यात हिरव्या दगडाचं पदक. त्या पदकाचा खालचा कोपरा उडालेला.

मी ती काच पुन्हा उजेडापुढे धरली. कारण ते पदक मी लहानपणापासून बघत आलो होतो. रिपेका आत्याच्या गळ्यात.

ती रिपेका आत्याची आई होती, हारियाता. रिपेका तीन वर्षांची असताना हारियाताला छातीचा आजार झाला, शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि ती तिकडेच गेली. घरी परत आलं ते फक्त पदक. कुठे पुरली, कुणाला कळलं नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता. इस्पितळात जाण्याआधी ती स्टुडिओत गेली असणार. लेकीला पाठवायला फोटो काढून घेतला असणार. पण फोटो न्यायला गिऱ्हाइक परत आलंच नाही. नव्वद वर्षं ती बाई त्या कपाटात उभी होती.

मी पळत इकडे आलो. फोनवर फोटो होता माझ्याकडे. पण आत्याने नव्वदी ओलांडलेली आणि डोळे पार गेलेले. तुम्ही मला कोरो म्हणता, ती नावाने हाक मारायची. म्हणाली, "मातेने, तो फोन काय माझ्या नाकाला लावतोस? मला दिसतंय होय! माझ्या आईवर पडलेला उजेड ज्या काचेवर पडला ना, ती काच माझ्या हातात दे."

फर्गसला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. ती काच उघड्या हाताने कुणी धरायची नाही असा तिथला नेम. पण तो म्हणाला, "शनिवारी आणतो. मी स्वतः आणतो."

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी आत्या गेली.

ती गेली हे मी फर्गसला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पुरणार कधी?"

"शुक्रवारी."

"मग मी गुरुवारीच निघतो. झाकण लागायच्या आत तिच्या हातात देऊ."

तीन दिवसांसाठी काच बाहेर न्यायची परवानगी त्याने मिळवली. गुरुवार, एकवीस जुलै. आपल्याकडचा ऐन हिवाळा. तो निघण्याआधी मी त्याला पुन्हा फोन केला.

"तिला डिकीत टाकू नकोस."

"मातेने, काच आहे ती. डिकीत पेटी घट्ट बसते."

"तुझी आई असती तर डिकीत घातली असतीस?"

"माझी आई असती तर तिनेच मला डिकीत घातलं असतं."

"मस्करी पुरे. शेजारी बसव. तिच्यापुढे काही खायचं नाही, आणि तिला एकटी सोडायची नाही. आणि बोल तिच्याशी."

"काय बोलू मी?"

"रस्ता सांग. नव्वद वर्षांनी घरी निघालीये बाई. रस्ते बदललेत सगळे."

संध्याकाळ कधीच बुडाली होती. फर्गसने लाकडी पेटी शेजारच्या सीटवर ठेवली, दोन्ही अंगांना ब्लँकेट कोंबलं आणि गाडी काढली. पेटी ती केवढी, दोन पावांच्या वजनाची. पट्टा लावायची गरज वाटली नाही.

पहिले काही मैल त्याला लाज वाटली. कपाटांशी बोलणं वेगळं, ती सगळी एकदम असतात. इथे एकच बाई, आणि तीही खेटून. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "हा मोठा रस्ता. आपण दक्षिणेला चाललोय." मग थोड्या वेळाने, "आता नदी येईल. पूल नवा आहे." मग, "इथे पूर्वी काय होतं ते तुम्हालाच ठाऊक."

बोलता बोलता जीभ सैल झाली. रस्त्याच्या जागी ऊना आली. ऊनाला गाडीत गाणी लावलेली आवडायची नाहीत, ती स्वतःच म्हणायची, आणि बेसूर. शेवटच्या दिवसांत ऊनाने त्याला इस्पितळातून घरी पाठवलं होतं, जा, झोप जरा, म्हणून. तो झोपला. आणि ती पहाटे गेली, जवळ कुणी नसताना. हे त्याने तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही. अंधारात, एका काचेला सांगितलं.

मग डांबर संपलं. वाइकोरोचा, आपल्या गावचा खडीचा रस्ता लागला, आणि समुद्राकडून धुकं चढलं. दिव्यांच्या उजेडात फक्त पांढरं. खडीवर पेटी खडखडायला लागली. काचेचा आवाज... त्याने गाडी कडेला घेतली.

कुठे थांबलो हे त्याला कळलं नाही. उतरला, वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, पेटीचं झाकण वर केलं. काच शाबूत होती. त्याने ब्लँकेट पुन्हा कोंबलं. उजेडाच्या कडेला काहीतरी उभं दिसलं म्हणून बघितलं, तर लाकडी ओटा. दुधाचे कॅन ठेवायला शेतांच्या तोंडाशी असायचे ना पूर्वी, तसा. फळ्या कुजलेल्या, एका अंगाला कललेला. बाकी काही नाही. घर नाही, दिवा नाही.

दार उघडंच ठेवून तो चार पावलं पलीकडे गेला, लघवीला. आता हसू नका. थंडीत म्हाताऱ्यांना लागते.

परत आला. दार लावलं. बसला, गाडी सुरू केली, निघाला.

टुंग... टुंग... टुंग...

समोर लाल दिवा लागलेला. पट्ट्याचा. शेजारच्या सीटवर माणूस बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं.

फर्गसने पेटीकडे बघितलं. दोन तास तीच पेटी तिथेच होती, तेव्हा गाडी एका शब्दाने बोलली नव्हती. म्हणाला, दमट हवा, तारेत पाणी गेलं असेल. थोडं अंतर तसाच गेला. आवाज वाढला. ह्या गाड्या तशाच. आपण ऐकलं नाही की ओरडतात.

थांबला. पेटी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

सीट रिकामी.

टुंग... टुंग... टुंग...

त्याने हात पुढे केला. सीटवर ठेवला. गार. थोडा सरकवला. गार. अजून थोडा...

कोमट.

मधोमध. एवढीशी जागा.

त्याने हात ओढून घेतला. तुम्हाला सांगतो, फर्गस भित्रा नव्हता. चाळीस वर्षं मेलेल्यांच्या सोबतीत काढलेला माणूस. पण ते सगळे पाकिटात होते.

माणूस घाबरला की आधी शहाणपण विसरतो. मी जे करू नको म्हटलं होतं, तेच त्याने केलं. पेटी घेऊन खाली उतरला, मागे गेला, डिकी उघडली, पेटी आत ठेवली. डिकी बंद. परत आला. आवाज चालूच. मग त्याने रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खाच्यात अडकवला.

आवाज थांबला.

"बरं," फर्गस म्हणाला. कुणाला म्हणाला, कुणास ठाऊक.

गाडी निघाली. तो रस्ता सांगत नव्हता आता. सांगायला शेजारी कुणी नव्हतं. हीटरचा पंखा तेवढा घरघरत होता. धुकं. खडी. एक वळण. दुसरं वळण...

खट्.

पट्टा सुटला. लाल बटण दाबल्याशिवाय तो सुटत नाही. सुटला, आणि सर्रकन मागे गेला.

टुंग... टुंग...

फर्गसने गाडी थांबवली. पुन्हा पट्टा ओढला. लावला. ओढून बघितला. घट्ट. बटणावरून नजर न हलवता तो बसून राहिला.

बटण... आत गेलं.

हळूच. दोनतीनदा जोर लावून दाबावं लागलं असावं, तसं. आधी थोडं. मग अजून थोडं.

खट्.

"काय हवंय?" तो म्हणाला.

काही नाही.

"कोण आहे?"

काही नाही. पंख्याची घरघर, आणि ते टुंग टुंग. त्याने गाडीच बंद केली. मग तर काहीच नाही. असं काहीच नाही, की... ऊना गेल्यावर घरात पहिल्या रात्री होतं तसं. कुणीतरी नसण्याचा आवाज. तो त्याला ओळखीचा होता.

तिथे म्हणे त्याची भीती फिरली. गेली नाही, फिरली. त्याला वाटलं, हे जे कोण आहे, ते मला घाबरवत नाहीये. ते कुणाची तरी वाट बघतंय. आणि मी त्या माणसाला डिकीत कोंडलंय.

तो उतरला. डिकी उघडली. पेटी काढली आणि छातीशी धरून पुढे आला. पलीकडचं दार उघडलं. आणि त्याच्या तोंडून, त्याच्याही नकळत, निघून गेलं, "जरा सरकता का?"

पेटी सीटवर ठेवली. पट्टा तिच्याभोवतीने घेऊन लावला. हात तिथेच ठेवून उभा राहिला. धुक्यात. कितीतरी वेळ.

बटण हललं नाही.

मग तो निघाला. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. खडी तीच, खड्डे तेच, पण पेटी खडखडत नव्हती. कुणीतरी घट्ट कवटाळून धरावी, तशी ती गप्प होती.

"हे वळण उजवीकडे," फर्गस म्हणाला. पुन्हा म्हणाला, "उजवीकडे. मग टेकडी. मग घर."

इथे पोचला तेव्हा नऊ वाजून गेले होते. मी फाटकाशीच उभा होतो. पण रात्र झाल्यावर नव्या पाहुण्याला आपण आत बोलावत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे बायका हाक देतात, मग पाहुणा आत. त्यात हा मेलेल्या माणसाला घेऊन आलेला. मी ब्लँकेट घेऊन गाडीशी गेलो. त्याचा चेहरा बघितला, काचेतल्यासारखा होता, जिथे काळं हवं तिथे पांढरा.

"काय रे झालं?"

"काही नाही."

"इथेच थांबावं लागेल सकाळपर्यंत. मी बसू का सोबत?"

"नको," तो म्हणाला. "आम्ही आहोत."

आम्ही. मी ते ऐकलं. आत आलो. पण दारातून बघत होतो. फाटकाशी गाडी, आणि आत एकटा माणूस. ओठ हलत होते त्याचे. रात्रभर काय सांगत होता देव जाणे.

उजाडलं तशी बायकांनी हाक दिली. फर्गस पेटी छातीशी धरून चालायला लागला. एकटं चालायचं नसतं, म्हणून माझी बहीण एरेना त्याच्या बाजूने चालली. आपल्या घरात रडायला लाजत नाहीत, पण असं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. नव्वद वर्षांचं एकदम. फर्गसने पेटी उघडली. हातमोजे घातले नव्हते. काच काढली, आणि रिपेका आत्याच्या हातांत दिली. बोटं कडक झालेली, तरी बसली नीट. काचेतली आई पांढऱ्या केसांची, आणि धरणारी लेक पांढऱ्या केसांची. कोण थोरली, कोण धाकटी, सांगता येत नव्हतं.

मग न्याहारी. गरम पाव, मटण, चहा. फर्गस आदल्या दुपारपासून उपाशी. पोटात पडलं तसं त्याने आम्हाला सगळं सांगितलं. मला आणि एरेनाला. हळू आवाजात, खाली बघून.

एरेना म्हणाली, "थांबलास कुठे म्हणालास?"

"काय माहीत. धुकं होतं. एक ओटा होता, दुधाच्या कॅनचा. मोडलेला."

एरेनाने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे.

"त्या ओट्यावरून नेली हारियाताला," ती म्हणाली. "दुधाच्या लॉरीतून. तेव्हा दुसरी गाडी कुठे होती इथे? रिपेका रडायला लागली, तर बापाने सांगितलं, रडू नको, आई ह्याच गाडीने परत येईल. तीन वर्षांची पोर. संध्याकाळ झाली की पळायची ओट्यावर. ओढून आणावी लागायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. आई मेल्याचं सांगितलं तरी जायची. दोन वर्षं जात होती."

फर्गस आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. ज्या हाताने सीट चाचपली होती.

झाकण लावायची वेळ झाली. शेवटचं भेटून झालं. एरेना पुढे झाली, काच काढून घ्यायला. शब्द दिला होता ना आम्ही. संग्रहालयाची वस्तू, ती परत जायला हवी. तिने आत्याची बोटं सोडवायला सुरुवात केली.

"राहू द्या," फर्गस म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी त्याला बाजूला ओढलं. म्हटलं, "लेका, शुद्धीवर आहेस का? नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"चाळीस वर्षं एक काच फुटू दिली नाहीस तू."

"फुटत कुठे आहे?" तो म्हणाला. "ती पट्टा काढायला बघत होती, मातेने. कळतंय का तुला? काल रात्री मी एका पोरीला तिच्या आईपासून वेगळं बसवत होतो. आता पुन्हा नाही."

काच आत राहिली. झाकण लागलं.

सोमवारी तो कामावर गेला आणि जे केलं ते जसंच्या तसं सांगितलं. फुटली म्हणाला असता तर कुणी हूं का चूं केलं नसतं. पण नाही. मग चौकशी, बैठका, आणि महिन्याभरात त्याला घरी बसवलं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. विद्यापीठाच्या बाजूने बघाल तर त्यांचंही चुकलं नाही. एकाने काच पुरली म्हणून उद्या दुसरा पुरेल. तळघरात त्या पाकिटाची जागा मात्र त्यांनी मोकळीच ठेवली आहे. पाकिटावरचं 'अनोळखी' खोडून नाव घातलंय. ते फर्गसने शेवटच्या दिवशी घातलं.

नंतर तो इकडे यायला लागला. आधी आत्याच्या वर्षश्राद्धाला. मग असाच. बटाटे काढायला, छपराला रंग द्यायला. ती सीट त्याने पुन्हा रिकामी ठेवली नाही. रस्त्यात जो भेटेल त्याला उचलून आणायचा. एकदा तर एक मेंढी आणली, पट्टा लावून. गेल्या हिवाळ्यापासून छातीत दुखायला लागलं, तेव्हा मला म्हणाला, "मातेने, माझं झालं की मला तळघरात ठेवू नका." म्हणून तो इथे आहे. आणि म्हणून तुम्ही जागे आहात.

तर, गाडीचं. आत्याला पुरलं त्याच संध्याकाळी फर्गस परत निघाला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. उन्हं गेली होती, गारठा पडलेला. तो आत बसला, हीटर लावला, आणि काचा आतून धुरकटल्या. सगळ्या. मी पलीकडच्या बाजूला उभा होतो, सीटच्या खिडकीशी. मी बघितलं. मग फर्गसने माझा चेहरा बघितला आणि मान वळवून त्यानेही बघितलं.

त्याने ती खिडकी कधी पुसली नाही. मी पुसली. गाडी आता माझ्याकडे आहे. साबणाने धुतली, व्हिनेगरने धुतली, स्पिरिटने घासली. उन्हाळ्यात काही दिसत नाही. पण थंडी पडली, काच धुरकटली, की तो उमटतो...

गोल. आतून कुणीतरी बाहेर बघायला धुकं पुसावं, तसा. बशीएवढा. खिडकीच्या अगदी खालच्या कडेला. तिथून मोठ्या माणसाला बघायचं तर वाकावं लागेल.

गाडी बाहेर फाटकाशी आहे. बघायचं तर बघून या. दोघं दोघं जा, आणि इथे कुणीतरी थांबा.

गोलाच्या कडेला चार फराटे आहेत. बोटांचे.

माझ्या करंगळीहून बारीक.